परत आलेले नव्वद जोड

माझ्या लहानपणी आमच्या पेठेतल्या बहुतेक दुकानांत गल्ल्यामागे एक पाटी असे : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ पुढे व्यापाराचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा याच्या नेमकी उलट बोली करणारा एक दुकानदार भेटला. लिऑन लिऑनवुड बीन. राहणार फ्रीपोर्ट, अमेरिकेतलं मेन राज्य.

बीनला शिकारीचा नाद. ओल्या रानात हिंडताना पाय भिजत, म्हणून त्याने खाली रबर आणि वर चामडं असा बूट तयार केला. मेनमध्ये शिकारीचा परवाना काढणाऱ्या परराज्यातल्या लोकांची यादी मिळवली आणि १९१२ साली त्यांना टपालाने पत्रकं धाडली. समाधान झालं नाही तर पैसे परत, असं वचन त्यात होतं. पहिले १०० जोड गेले आणि त्यातले ९० परत आले! रबर शिवणीपाशी फाटत होतं. बीनने कर्ज काढलं, लोकांचे पैसे चुकते केले, रबर सुधारून घेतलं आणि पुन्हा धंदा मांडला.

ही गोष्ट औदार्याचा नमुना म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. माल सदोष होता. त्याने शब्द पाळला, एवढंच. (कर्ज काढून पाळला, हे मात्र खरं.) औदार्य पुढचं. त्याची कंपनी कितीही जुनी वस्तू परत घेऊ लागली. मग लोक वर्षानुवर्षं वापरून झिजलेले बूट आणू लागले, काही जण तर जुन्या बाजारात घेतलेल्या वस्तू. पाच वर्षांत २५ कोटी डॉलरचा फटका बसल्याचं कंपनीने सांगितलं आणि फेब्रुवारी २०१८मध्ये एक वर्षाची मुदत व खरेदीच्या पुराव्याची अट घातली.

झिजलेला बूट परत करणाऱ्याला वाटतं, पैसे कंपनीचे गेले. ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या किमतीत चढतात. पण ज्या बिनमुदतीच्या वचनावर कंपनीने इतकी वर्षं नाव कमावलं, ते शब्दशः घेणाऱ्या प्रत्येकाला लबाड कसं म्हणावं?

आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. बिलावर मुदत नसेल, तर ती ३० दिवसांची. परवा मी एक छत्री घेतली. पाटी कुठे दिसली नाही. घरी येऊन पावती उलटली, तर तीच ओळ बारीक अक्षरांत छापलेली होती.