ज्या, जीवा आणि जंबूद्वीप

दहावीच्या गणितात वर्तुळाची जीवा, त्रिकोणमितीतील 'साइन' आणि निर्देशक भूमिती यांची भेट होते. हे विषय परके व नीरस आहेत, असे मुलांना वाटते. मलाही वाटे. एस.एस.सी.नंतर वाणिज्य शाखा घेण्यामागे गणिताची धास्ती हेही एक कारण होते. साठी उलटल्यावर ग्रंथस्वाध्याय करताना ही समजूत दूर झाली.

जंबूद्वीपाचा व्यास १ लाख योजने. त्याच्या दक्षिण कडेचे भरतक्षेत्र धनुष्याकृती आहे. धनुष्याची दोरी ती जीवा आणि मधली रुंदी तो बाण, म्हणजे ५२६ ६/१९ योजने. जीवा काढण्याचा नियम तत्त्वार्थसूत्रावरील प्राचीन भाष्यात सांगितला आहे. व्यासातून बाण वजा करावा, उरलेल्यास बाणाने गुणावे, त्याची चौपट करून वर्गमूळ घ्यावे. दुकानातील कॅल्क्युलेटरवर मी हे करून पाहिले. उत्तर आले १४,४७१ योजने व थोडे अधिक. शास्त्रातही तेच आहे! दहावीचा विद्यार्थी पायथागोरसच्या प्रमेयाने हा नियम सहज सिद्ध करील.

मात्र अभिमानाच्या भरात सर्व काही आपल्याच ग्रंथांत होते, असे म्हणू नये. अर्धज्यांचे कोष्टक इ.स. ४९९ मध्ये आर्यभटांनी दिले. 'जीवा' शब्द अरबीत 'जीबा' झाला, तो चुकून 'जैब' वाचला गेला आणि लॅटिन भाषांतरातून 'साइन' बनून आपल्याकडे परतला. निर्देशक भूमितीचा पाया फ्रान्सच्या देकार्त यांच्या १६३७ च्या ग्रंथाने घातला. ज्ञान असे अनेक हातांतून वाढते.

आपल्या हातांचा वाटाही लहान नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षांच्या काळी, इ.स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात व्यापारी हिशेबांबरोबर क्षेत्रगणितही आहे. १९१२ साली मद्रासहून एम. रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला. १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो प्रसिद्ध केला. त्या ग्रंथमालेच्या संपादकांपैकी एक होते आपल्या राजाराम कॉलेजचे डॉ. आ. ने. उपाध्ये.

म्हणजे हा वारसा आपल्या गावाच्या उंबरठ्यापर्यंत आला होता; आम्ही कपाट उघडले नाही, इतकेच. नातवंडे 'साइन'ला घाबरली, तर त्यांना धनुष्याची आकृती काढून दाखवावी. आमच्या पिढीची चूक तेवढ्याने तरी भरून निघेल.