पावसाचं दप्तर

दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ साली सुरू झाला आणि लोककथेप्रमाणे बारा वर्षं टिकला, असं ग्रँट डफने १८२६ साली आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवून ठेवलं. गोदावरी आणि कृष्णा यांच्यामधला मुलूख ओस पडला, पुढे तीसेक वर्षं तिथून महसूल जेमतेम हाती येई, असंही त्याने लिहिलं. नेवासं, संगमनेर, पारनेर ही गावं या मुलखातलीच. अहमदनगर शहर तेव्हा अजून वसायचं होतं. मलिक अहमदने ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलं.

कथेतली बारा वर्षं खरी किती, हे पडताळायचं कसं? पावसाची सलग, भरवशाची मालिका आपल्याकडे १८७१ पासूनची आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ३०६ ठिकाणांच्या नोंदी जुळवून ती बांधली. त्याआधीच्या काळासाठी उरतात बखरी, महसुलाचे कागद आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या आठवणी. पण गेल्या काही दशकांत आणखी एक साक्षीदार उभा राहिला आहे: गुहेच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्याने उभारलेला चुन्याचा खांब, म्हणजेच लवणस्तंभ. नाव काहीही असो, तो असतो कॅल्शियम कार्बोनेटचा. तो वाचायची विद्या कुठून कुठे गेली आणि आपल्यापर्यंत कशी आली, हे सांगण्यासारखं आहे.

तिचा उगम गुहेपासून फार दूर आहे. १९४७ साली शिकागोत हेरॉल्ड युरी यांनी दाखवून दिलं की ऑक्सिजनचे हलके आणि जड अणू, ऑक्सिजन-१६ आणि ऑक्सिजन-१८, पाण्यातून चुन्यात जाताना तापमानानुसार वेगवेगळ्या प्रमाणात वाटले जातात. शिंपल्यातल्या या प्रमाणावरून लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्राचं तापमान काढता येईल, हा त्यांचा विचार होता. पाऊस त्यात कुठेच नव्हता.

पावसाला त्यात आणलं डेन्मार्कच्या विली डान्सगार्डने. जून १९५२ मध्ये कोपनहेगनला पावसाची झड लागली असताना त्याने घराच्या बागेत बिअरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळं बसवून पाणी धरलं आणि ते प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. झडीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण वेगळं निघालं. पुढे १९६४ मध्ये त्याने जगभरातल्या पावसाच्या नमुन्यांवरून सिद्धान्त मांडला: उष्ण प्रदेशात पाऊस जितका जास्त, तितकं त्याच्या पाण्यात जड ऑक्सिजन कमी. जड रेणू ढगातून आधी गळून पडतात, आणि पाऊस जोरात कोसळत राहिला की मागे राहिलेली वाफ हलकी होत जाते. दरम्यान आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी जगभर पावसाचं पाणी जमवण्याचं जाळं उभारलं होतं; त्यात आपली मुंबईही होती. मोसमी पावसाचा इतिहास वाचायची किल्ली इथे घडली, असं मला वाटतं. युरींचं गणित मोठं खरं, पण ते आषाढाच्या पावसाला लावता येतं, हे डान्सगार्डमुळे कळलं.

गुहेत हे शास्त्र न्यूझीलंडने नेलं. १९६८ मध्ये हेंडी आणि विल्सन या दोघांनी लवणस्तंभातला ऑक्सिजन मोजून जुन्या हवामानाचा माग काढता येतो, हे दाखवलं. तीनच वर्षांनी हेंडीने एक कसोटीही घालून दिली: एकाच थराच्या मध्यापासून कडेपर्यंत ऑक्सिजन आणि कार्बन हातात हात घालून जड होत गेले, तर तो खांब पावसाची नाही, बाष्पीभवनाची गोष्ट सांगतोय, त्यावर विसंबू नये. स्वतःच्या पद्धतीला तिच्या जन्माबरोबरच असा लगाम घालणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

वय काढण्याची अडचण मात्र बाकी होती. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ताज्या चुन्याच्या थरात युरेनियम असतं, थोरियम नसतं. वर्षं जातात तसं युरेनियमचं थोरियम होत जातं आणि त्या प्रमाणावरून थराचं वय निघतं. तत्त्व जुनंच, पण किरणं मोजून वय काढायला दगडाचा बराच मोठा तुकडा लागे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात लॅरी एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी अणू थेट मोजण्याची पद्धत आणली, आणि चिमूटभर चुन्यावर काम भागू लागलं. २००१ मध्ये चीनमधल्या नानजिंगजवळच्या हुलू गुहेतल्या खांबांच्या नोंदीने जग चकित झालं, ते याच बळावर.

आपल्याकडे या विद्येची घट्ट मुळं अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत रुजली. तिथल्या आर. रमेश आणि एम. जी. यादव यांनी ओडिशातली गुप्तेश्वर, कर्नाटकातली अकलगवी, बस्तरमधली दंडक अशा गुहांतले खांब अभ्यासले. अकलगवीचा खांब ३३१ वर्षांचा होता. मग २००७ मध्ये आशिष सिन्हा, यादव, रमेश आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी दंडक गुहेतून इसवी सन ६०० ते १५०० या नऊशे वर्षांच्या पावसाची नोंद प्रसिद्ध केली. त्यात चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत पाऊस पुन्हा पुन्हा, दशकंच्या दशकं कमी पडलेला दिसतो. दुर्गादेवीची वर्षं नेमकी याच टप्प्यातली.

दंडक गुहा नगरपासून फार लांब आहे, म्हणून बारा या आकड्यावर तिने शिक्कामोर्तब केलं, असं मी म्हणणार नाही. पण लोककथेतला दुष्काळ एका-दोन वर्षांचा नव्हता, यावर माझा विश्वास बसतो, आणि त्याने मी अस्वस्थ होतो. आपली धरणं, आपली पीकपद्धत, आपलं टँकरचं नियोजन हे सगळं दीडशे वर्षांच्या नोंदीतल्या दुष्काळांवर बेतलेलं आहे. १९७२ आपल्याला सर्वांत वाईट वाटतो, कारण त्याहून लांबलेला आपण मोजलेलाच नाही.

याहून मागे गेलं की प्रवरेकाठचं दायमाबाद येतं. श्रीरामपूर तालुक्यातल्या या वसाहतीत सावळदा काळापासून जोर्वे संस्कृतीपर्यंत हजारएक वर्षं माणसं नांदली, आणि इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास गाव उठलं. शेजारच्या घोड नदीवरचं इनामगाव त्यानंतरही टिकलं, पण चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती आखडली. पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी याचं कारण वाढत्या कोरडेपणात शोधलं. लोणार सरोवराच्या तळातल्या गाळावर सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लिहिलं, तेव्हा दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड पुढे आले: आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. दुर्गादेवी दुसऱ्याच्या शेवटाला बसते. दायमाबादची पहिली वस्ती पहिल्या कोरड्या काळातच उभी राहिली असं दिसतं. म्हणजे लोक नदीकडे सरकले ते सुबत्तेमुळे की टंचाईमुळे, हे नव्याने विचारावं लागेल. आणि इनामगावची पडझड मात्र या दोन्ही काळांच्या मध्ये पडते. ढवळीकरांचं म्हणणं त्यामुळे खोटं ठरत नाही, पण सिद्धही होत नाही. त्यासाठी या गावांच्या, म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलीच नोंद हवी.

तशी नोंद देऊ शकेल अशी जागा नगर जिल्ह्यात आहे. पारनेर तालुक्यातलं वडगाव दर्या दर्याबाई आणि वेल्हाबाईच्या देवस्थानांसाठी जितकं प्रसिद्ध, तितकंच तिथल्या लवणस्तंभांसाठी. सभोवार काळा बेसॉल्ट, चुनखडीचा खडक नाही. मातीतला कर्बवायू घेतलेलं पावसाचं पाणी बेसॉल्टमधलं कॅल्शियम विरघळवतं, भेगांमधून झिरपतं आणि मोकळ्या हवेत आलं की वायू सोडून चुना मागे ठेवतं. दख्खनमधल्या धबधब्यांकाठी याच रीतीने साचलेल्या चुन्यावर एन. जे. पवार, व्ही. एस. काळे आणि ब्रिटनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ सालीच लिहिलं आहे.

हा चुना वाचायला अवघड आहे. बेसॉल्टमध्ये युरेनियम फार थोडं असतं, त्यामुळे वयाचा काटा अंधूक. मातीबरोबर बाहेरचं थोरियम मिसळलं तर तो आणखी चुकतो. कोरड्या, वाऱ्याला उघड्या कपारीत थेंब सुकण्याचा धोका मोठा, आणि तिथे हेंडीची कसोटी कडक लावावी लागेल. म्हणून खांब कापण्याची घाई नको. आधी पाणी पाहायला हवं. पारनेर किंवा नगरच्या एखाद्या महाविद्यालयाने दर महिन्याचा पाऊस आणि कपारीतलं ठिबकणारं पाणी घट्ट बुचाच्या वेगवेगळ्या बाटल्यांत जमवलं, तारखा आणि तापमान लिहून ठेवलं, तर काही वर्षांत एवढं तरी कळेल की हे थेंब पावसाची खूण जपतात की उन्हाची. तोवर तिथल्या खांबांचं टोकसुद्धा कुणी तोडू नये. सर्वांत नवे थर टोकाशीच असतात, आणि पर्जन्यमापकाच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल असा खांबाचा तेवढाच भाग असतो.