गेडचा वर्ण

अद्भुतरम्य कादंबरीचा नायक गोरा असावयाचा, हा संकेत इंग्रजी वाचकांच्या इतका अंगवळणीं पडला होता कीं तो कोणीं लिहून ठेवण्याची गरजच नव्हती. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेनें १९६८ सालीं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरींत तो मोडला. तिचा मांत्रिक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा, त्याचा जिवलग मित्र व्हेच काळा. गोरे कोण, तर गेडच्या बेटावर धाड घालणारे कार्ग! मौज अशी कीं, नायकाचा वर्ण तिनें प्रारंभींच सांगितला नाहीं. गेडवर जीव जडल्यावर तो हळूच कळतो, आणि तोंवर आपण मनांत कोणता चेहरा रंगविला होता हें ज्याचें त्याला उमगतें.

पहिल्या आवृत्तीच्या वेष्टनावर रूथ रॉबिन्स यांनीं तो तांबूसच काढला. पुढें मात्र कित्येक वेष्टनांवर तो गोरा झाला. वेष्टन पाहून पुस्तक उघडणाऱ्यास लेखिकेचा डाव कसा कळावा? २००४ सालच्या दूरचित्रवाणी-मालिकेनेंहि तेंच केलें, तेव्हां पंचाहत्तर वर्षांच्या लेखिकेनें जाहीर निषेध केला. अद्भुत वाङ्मयांत आपणांस सामावून घेणारीं पुस्तकें काय तीं हींच, आणि कुमारवयांत त्यांचा आधार केवढा वाटला, असें गौरेतर वाचकांनीं तिला सांगितलें होतें.