नऊ दांते आणि अडतीस दांते

इ. स. १९५८ च्या मे महिन्यांत 'ऑस्टिन-हीली स्प्राइट' ही चिमुकली ब्रिटिश मोटार जगापुढें आली. डोनल्ड हीली यांनीं ती योजिली ती श्रीमंतांच्या हौसेसाठीं नव्हे. बेताची प्राप्ति असलेल्या तरुणासहि वेगाचा आनंद परवडावा, हा तिच्यामागील हेतु होता. यास्तव तिचें एंजिन, गियर आणि मागील आंस ऑस्टिन ए-३५ या साध्या कौटुंबिक मोटारीवरून घेण्यांत आले. या काटकसरींत एक निवड मात्र निराळी करावी लागली. ती म्हणजे मागील आंसांतील दंतचक्रांच्या प्रमाणाची.

एंजिनाची गति वाहून आणणारा दांडा जेथें आंसास मिळतो, तेथें पिनियन नांवाचें लहान दंतचक्र क्राऊन व्हील नांवाच्या मोठ्या दंतचक्रास फिरवितें. याच ठिकाणीं डिफरेन्शियल असतें. वळणावर आंतलें व बाहेरलें चाक वेगवेगळ्या गतीनें फिरूं शकतें तें त्याच्यामुळें. ए-३५ मध्यें या चक्रांचे दांते ९ आणि ४१ होते. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास दांड्याचे ४.५५ फेरे लागत. स्प्राइटसाठीं ९ आणि ३८ हे दांते निवडले गेले, प्रमाण ४.२२ झालें.

यामागील हिशेब सरळ आहे. ए-३५ चें एंजिन ३४ अश्वशक्तीचें, आणि तिला चार माणसें व त्यांचें सामान घेऊन चढ चढावयाचा. स्प्राइट दोघांचीच, बुटकी आणि हलकी. तेंच ९४८ घनसेंटिमीटरचें एंजिन तिच्यांत ४३ अश्वशक्ति देई. ही पूर्ण शक्ति मिनिटास पांच हजार फेऱ्यांच्या पुढेंमागें मिळे, आणि गाडीचा कमाल वेग ताशी ८३ मैलांच्या आसपास होता. ४.२२ च्या प्रमाणानें त्या वेगास एंजिनाचे सुमारे ५,४०० फेरे होत. ४.५५ ठेविलें असतें, तर ५,८०० फेऱ्यांनीं एंजिन उगाच धापा टाकीत राहिलें असतें, ३.७ घेतलें असतें, तर एंजिन पुऱ्या जोमाच्या टप्प्यास पोंचलेंच नसतें.

परंतु ही निवड कायमची ठरली नाहीं, कारण रस्ते बदलले. १९५९ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडांत एम-१ हा महामार्ग खुला झाला आणि तासन् तास एकाच वेगानें धांवणें शक्य झालें. ताशी ७० मैलांच्या वेगास ४.२२ च्या प्रमाणानें एंजिनाचे साडेचार हजार फेरे होतात. त्यांतून कानठळ्या, पेट्रोलचा खर्च आणि एंजिनाची झीज हीं ओघानेंच आलीं. पुढें एंजिन १,२७५ घनसेंटिमीटरचें झालें, आणि १९६८ च्या अखेरीस १० व ३९ दांत्यांचें ३.९ हें प्रमाण आलें. त्याच वेगास आतां ४,२०० फेरे पुरूं लागले. स्प्राइटची जुळी बहीण एम.जी. मिजेट हिला १९७४ मध्यें १,४९३ घनसेंटिमीटरचें एंजिन मिळालें, आणि १९७७ मध्यें ११ व ४१ दांत्यांचें, म्हणजे सुमारें ३.७ चें प्रमाण लाभलें. १९७९ मध्यें तिचेंहि उत्पादन थांबलें.

या व्यवहारांत आवळा देऊन कोहळा काढतां येत नाहीं. ४.२२ सोडून ३.९ घेतलें कीं, त्याच एंजिनाचा त्याच गियरांतील चाकावरील जोर सुमारें साडेसात टक्क्यांनीं उणा होतो. महामार्गावर ही उणीव जाणवत नाहीं. चढावर मात्र पदोपदीं जाणवते. शेल्सली वॉल्श येथें १९०५ पासून चालत आलेली चढाची शर्यत अवघ्या एक हजार यार्डांची आहे. तेथें कमाल वेगापेक्षां वळणांतून उसळी घेण्याचें मोल अधिक. अशा शर्यतीसाठीं स्प्राइटच्या मालकास घरगुती ए-३५ चीं ४.५५ चीं चक्रेंच पुन्हां उपयोगी पडावीं, हें नवल खरें, पण हिशेबास धरूनच आहे.

तात्पर्य, योग्य प्रमाण कोणतें, हें एकट्या एंजिनास विचारून कळत नाहीं. गाडी ज्या रस्त्यानें नित्य जावयाची, त्या रस्त्यासहि तें विचारावें लागतें; आणि मालकानें आपला रस्ता प्रामाणिकपणें ओळखला, तरच दांत्यांची मोजदाद त्याच्या उपयोगाची.