प्रतीचा हक्क आणि फ्लॉपीचे कुलूप

सॉफ्टवेअरची नक्कल रोखण्याची तंत्रे आणि विकत घेतलेल्या प्रोग्रामची स्वतःपुरती प्रत काढून ठेवण्याचा हक्क, या दोहोंचा एकत्र अभ्यास करता येतो. या क्षेत्रात शिरायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही, की वकिलीची सनदही लागत नाही. कायद्याचे कलम आणि यंत्राची रचना शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची तयारी मात्र हवी.

1976 च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी संगणकाच्या छांदिष्टांना एक खुले पत्र लिहिले. आमची बेसिक ही प्रोग्रामिंग भाषा बहुतेकजण पैसे न देता वापरतात. अशाने चांगले सॉफ्टवेअर लिहायला कोण धजेल, असा त्यांचा सवाल होता. तो रास्त होता, आणि नवख्या अभ्यासकाने तो आधी नीट ऐकून घ्यावा. पण ग्राहकाची बाजूही तितकीच खरी होती. फ्लॉपी वाचताना ड्राइव्हचे हेड तिला टेकते. चुंबकीय थर झिजतो, धूळ आणि बुरशी धरते, आणि मोक्याचा एक सेक्टर गेला तरी अख्खा प्रोग्राम सुरू होत नाही. म्हणूनच 1980 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातील कलम 117 ने प्रोग्रामच्या प्रतीच्या मालकाला जपून ठेवण्यासाठी आणखी एक प्रत काढण्याची मुभा दिली.

कायद्याने दिलेली ही मुभा यंत्राने मात्र अडवली. अ‍ॅपल टू संगणकाच्या डिस्क ड्राइव्हचे सर्किट स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी इतके आटोपशीर केले, की एरवी सर्किटने करायची बरीच कामे सॉफ्टवेअरकडे आली, आणि फ्लॉपीवरची मांडणी बदलणेही सॉफ्टवेअरला शक्य झाले. नेहमीच्या फ्लॉपीवर 35 ट्रॅक, दर ट्रॅकवर आधी 13 व पुढे 16 सेक्टर, आणि प्रत्येक सेक्टरच्या आरंभी ठरलेली खूण. प्रकाशकांनी ही खूणच बदलली. कॉपी करणारा साधा प्रोग्राम नेहमीची खूण शोधत राही आणि ती न सापडल्यावर एरर दाखवून थांबे. विकत घेतलेल्या प्रोग्रामच्या लोडरला मात्र नवी खूण ठाऊक असे. मग लॉकस्मिथसारखे प्रोग्राम आले. खुणांच्या भरीस न पडता ते ट्रॅकवरचे बिट जसेच्या तसे उचलू लागले.

हा झगडा न्यायालयात कसा पोचला, हे समजून घ्यायचे तर व्हॉल्ट विरुद्ध क्वेड हा 1988 चा अमेरिकी निकाल मुळातून वाचावा. व्हॉल्ट कंपनीची नक्कल रोखणारी प्रोलॉक फ्लॉपी पृष्ठभागावरच्या एका न पुसता येणाऱ्या खुणेवर विसंबून असे. प्रतिवादी क्वेड कंपनीच्या प्रोग्रामने काढलेल्या प्रतीत ती खूण आहे असे संगणकाला भासे. फ्लॉपी खराब होण्याची भीती असेल तेवढ्यापुरतीच प्रत काढता येते, हा व्हॉल्टचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. प्रत गमावण्याची भीती कशामुळे आहे हे कायदा विचारत नाही, आणि रास्त कामाला येणारे साधन बनवणे म्हणजे हक्कभंग नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढे दहाच वर्षांत, 1998 च्या डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याने असे कुलूप तोडणारी साधने विकण्यावरच बंदी आणली. कलम 117 जागेवर राहिले, हातातले साधन गेले.

युरोपच्या 1991 च्या निर्देशानुसार, वापरासाठी आवश्यक असलेली बॅकअप प्रत करारातल्या अटीने रोखता येत नाही. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 बॅकअपला मुभा देते. 2012 मध्ये आलेले कलम 65-अ कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते, पण त्याचा हेतू हक्कभंगाचा असेल तरच. हेतूची ही अट अभ्यासकाने अधोरेखित करून ठेवावी. प्रामाणिक ग्राहकाचा सगळा आधार तिच्यात आहे.

या सगळ्या वाचनातून माझे ठाम मत झाले आहे, की बजावता येत नाही तो हक्क कागदावरच राहतो. प्रत काढण्याची मुभा देणाऱ्या कायद्याने ती काढण्याची वाटही मोकळी ठेवली पाहिजे. लेखकाला त्याचे मोल मिळावे, आणि ते देणाऱ्याला विकत घेतलेली वस्तू टिकवता यावी; या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीत.

मराठी अभ्यासकासाठी तर घराजवळच काम पडले आहे. युनिकोडपूर्व काळातल्या मराठी डीटीपीच्या किती तरी फाइल्स अशा पॅकेजमध्ये तयार झाल्या, जी प्रिंटर पोर्टला डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण, लावल्याशिवाय चालत नसत. डोंगल बिघडले किंवा तो पोर्टच संगणकावरून गेला, म्हणजे रीतसर पैसे मोजणारा मुद्रकही आपल्याच मजकुराला मुकतो. बिघडलेल्या आणि कालबाह्य डोंगलसाठी अमेरिकेने 2003 मध्येच डीएमसीएतून सवलत दिली होती. आपल्या कायद्यात अशा मुद्रकाला कोणता आधार सापडतो, आणि त्याच्या फाइल्स वाचवायला कोणती तांत्रिक वाट आहे, हे शोधण्यापासून वाचकाने सुरुवात करावी.