विधान परिषद, महाराष्ट्र : रचना आणि जालना जिल्हा

राज्य विधिमंडळाचे वरिष्ठ, कायम सभागृह. विधानसभेसारखे ते विसर्जित होत नाही. सदस्यसंख्या ७८, मुदत सहा वर्षे. दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. संविधानाच्या अनुच्छेद १७१ नुसार विधानसभेचे आमदार ३०, स्थानिक स्वराज्य संस्था २२, पदवीधर ७ आणि शिक्षक ७ सदस्य निवडून देतात. १२ जण राज्यपालनियुक्त असतात. उमेदवाराचे वय किमान ३० हवे.

मुंबई प्रांतात १९३७ पासून दोन सभागृहे होती. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि पुढे १९५२ मध्ये निवडणूक झालेल्या हैदराबाद राज्यातही एकटी विधानसभाच होती. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा कुठे इथल्या लोकांचा परिषदेशी संबंध जुळला.

आजही जिल्ह्याच्या एकट्याच्या वाट्याला परिषदेची जागा नाही. परतूर, घनसावंगी, जालना, बदनापूर व भोकरदनचे आमदार ३० जागांच्या निवडणुकीत मत देतात. पदवीधर व शिक्षक हे दोन्ही मतदारसंघ मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्यांनाही आपोआप मत मिळत नाही. दर निवडणुकीला यादी नव्याने होते, अर्ज पुन्हा भरावा लागतो. शिक्षकांमध्ये माध्यमिक व त्यावरच्या वर्गांना शिकवणारेच मतदार. गावोगावच्या प्राथमिक शाळांतील गुरुजी त्यातून वगळलेले. ग्रामीण जिल्ह्यात ही उणीव फार मोठी आहे.

मतपत्रिकेवर केंद्रावरच मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेनने पसंतीक्रम आकड्यात लिहायचा. बरोबरची खूण केली किंवा पहिली पसंती दिलीच नाही, तर मत बाद. एका जागेसाठी वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त हा कोटा. तो कुणीच गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद करून त्याची पुढच्या पसंतीची मते वाटली जातात.

औरंगाबाद-जालना स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात मतदार म्हणजे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती. ग्रामपंचायत सदस्यांना मत नाही. त्यामुळे दोन जिल्ह्यांचा प्रतिनिधी काही शे मतांवर ठरतो : २०१९ मध्ये शिवसेनेचे अंबादास दानवे ५२४ मते घेऊन विजयी झाले, काँग्रेसचे बाबुराव कुलकर्णी यांना १०६ मिळाली. दानवे २०२२ मध्ये परिषदेत विरोधी पक्षनेते झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची मुदत संपली, तेव्हा जिल्हा परिषदांवर २०२२ पासून प्रशासक होते. अशी निवडणूक घ्यायला मतदारसंघातील किमान ७५ टक्के संस्था कार्यरत आणि ७५ टक्के मतदार पदावर असावे लागतात. मतदारच नसल्याने जागा रिकामी राहिली.