तार आणि पाठभेद

मराठीत ‘तार’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ झाले: धातूची तार आणि तिच्यावरून आलेला निरोप. वाहक आणि मजकूर यांना एकच नाव मिळाल्याने, तारेच्या एका टोकाला जे शिरते तेच दुसऱ्या टोकाला बाहेर पडते, असा समजही रुजला. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकाला परिचित असलेला पाठभेदाचा प्रश्न तारेच्याही पाठीस पहिल्यापासून लागलेला होता.

कलकत्त्याहून आग्र्यामार्गे मुंबईपर्यंतचा तारमार्ग १८५०च्या दशकाच्या मध्यास उभा राहिला. एवढे अंतर विद्युत्प्रवाहाला एका दमात कापता येत नसे. म्हणून वाटेतल्या ठाण्यांवर तारबाबू संदेश उतरवून घेत आणि पुढच्या तारेवर तो नव्याने पाठवीत. प्रत्येक ठाणे म्हणजे जणू एक नकलनवीस. १८६५ साली इराणच्या आखातातून तुर्की साम्राज्यामार्गे हिंदुस्थान युरोपशी जोडला गेला, तेव्हा वाटेतील अनेकांना इंग्रजी येत नव्हते. न समजणारी अक्षरे ते एकेक करून पुढे ढकलीत. मजकूर पोहोचण्यास कित्येकदा दिवसच्या दिवस लागत आणि पोहोचल्यावर त्याचा अर्थ लागेलच असे नसे.

या नकलनवीसांची संख्या कमी करण्याचा मार्ग समुद्रातून गेला. फेब्रुवारी १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज मुंबईहून एडनच्या दिशेने केबल टाकीत निघाले. इजिप्तमधील जमिनीवरचा तुकडा सोडता, त्या वर्षीच्या जूनपर्यंत लंडन-मुंबई मार्ग समुद्रातून पुरा झाला. परंतु पाठभेद टळला नाही, त्याचे रूप पालटले. गुट्टापर्चाच्या वेष्टनातील लांबलचक तांब्यात संकेताच्या कडा विरघळतात आणि एक ठोका दुसऱ्यात मिसळतो. विल्यम थॉमसन यांनी १८५०च्या दशकातच दाखवून दिले होते की केबलची लांबी दुप्पट झाली की हा विलंब चौपट होतो. पूर्वी कारकून चुकत होता. आता तांबेच अडखळू लागले.

हाच अडथळा आपल्या कार्यालयांतही आहे. संगणक जोडणारी नेहमीची तांब्याची केबल प्रमाणानुसार १०० मीटरपर्यंतच खेचावी. पुढे जायचे तर मध्ये संकेत नव्याने उभा करणारे यंत्र हवे. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये काचतंतूची वाट दाखवली (२००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले), तरी सागरतळाच्या केबलमध्ये दर काही दशक किलोमीटरांवर प्रकाशाला बळ द्यावेच लागते.

येथे बळ देणे आणि नव्याने लिहिणे यांतला भेद महत्त्वाचा आहे. गणेशमूर्तींसाठी ख्यात असलेल्या पेण तालुक्यातील हमरापूरचे उदाहरण घेऊ. मूर्तीवरून साचा, साच्यातून मूर्ती, तिच्यावरून पुन्हा साचा, असे करीत गेल्यास नाकाडोळ्यांची धार बोथट होत जाते. रंग भडक केल्याने ती परत येत नाही. उलट दोषच उठून दिसतात. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर मात्र पापणीची रेघ नव्याने ओढतो, कारण रेघ कोठे असावी हे त्याला ठाऊक असते. केवळ संकेत वाढविणारे यंत्र त्याबरोबर गोंगाटही वाढविते. अंकीय यंत्र मात्र ‘हे शून्य की एक?’ असा निवाडा करून स्वच्छ पाठ पुढे धाडते.

तेव्हा लांब पल्ल्याची तार अखंड कधीच नव्हती. ती पुनर्लेखकांची साखळी होती आणि आहे. फरक इतकाच की मजकूर समजत नाही म्हणून तुर्की मार्गावरचा कारकून चुके, तर आजचे यंत्र मजकूर समजून घेण्याच्या भानगडीत न पडता अचूक राहते. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली आणि ‘तार’ या शब्दाचा दुसरा अर्थ इतिहासजमा झाला. पाठ शुद्ध पोहोचविण्याचे काम यंत्राने पत्करले. अर्थ लावण्याचे काम मात्र पूर्वीप्रमाणेच शेवटच्या टोकाला बसलेल्या वाचकाकडे राहिले आहे.